संच विकत घेतला म्हणजे छंद झाला का?

मंडळी, आज थोडे भांडायचेच आहे.

"काका, एकेक तिकीट कशाला शोधत बसता? इंटरनेटवर अख्खा संच मिळतो. पैसे भरा, चार दिवसांत घरपोच!" आमच्या घरातली तरुण मंडळी मला असा सल्ला देतात. सल्ला प्रेमाचा आहे, पण साफ चुकीचा आहे. तयार संच घेणे ही खरेदी झाली. तिला छंद म्हणू नये.

उदाहरणच घेऊ. १५ ऑगस्ट १९४९ रोजी टपाल खात्याने पुरातत्त्व मालिका काढली. एकूण १६ तिकिटे. सर्वांत स्वस्त तीन पैचे, त्यावर अजिंठ्याचा हत्ती. सहा पैवर कोणार्कचा घोडा, सहा आण्यांवर विजापूरचा गोलघुमट, पाच रुपयांवर ताजमहाल आणि सर्वांत महाग पंधरा रुपयांचे, त्यावर पालिताण्याचा शत्रुंजय.

हा संच एकेक करून जमवणाऱ्याला हत्ती-घोडे लवकर सापडतात. शत्रुंजय मात्र वर्षानुवर्षे हुलकावणी देतो. का? तर त्या काळी साध्या पत्राला पंधरा रुपयांचे तिकीट कोण लावणार? अल्बममधली रिकामी जागाच हे शिकवते. शिवाय हिशेब होतो तो वेगळाच. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. म्हणजे शत्रुंजय हत्तीपेक्षा ९६० पट महाग! १९५७ साली दशमान नाणी आली आणि हे गणित पुस्तकातून गेले. तिकिटे हातात घेतली की मुले ते आपणहून करतात.

आता खरी गंमत पाहा. एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती आहे. १९४९ साली ती उलटी छापली गेली, आरशात दिसावी तशी. १९५० साली सुलटी करून तिकीट पुन्हा काढले. मग संच १६ चा की १७ चा? पाकिटावर 'पूर्ण संच' लिहिलेले असते. पूर्ण म्हणजे काय, हे विकणाऱ्याने ठरवायचे आणि आपण नुसती मान डोलवायची?

कोणी म्हणेल, मग व्यापाऱ्याकडून घ्यायचेच नाही का? जरूर घ्यावे. अडलेले एखादे तिकीट दाते मोजून, मागची बाजू पाहून, घासाघीस करून घ्यावे. त्यातही शिक्षण आहे.

दुसरे म्हणणे गुंतवणुकीचे. १९४८ च्या दहा रुपयांच्या गांधी तिकिटावर 'सर्व्हिस' छापलेल्या चार तिकिटांची पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना गेली. ही बातमी वाचून अनेकांच्या तोंडाला पाणी सुटले. अहो, तशी तिकिटे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत! लाखांनी छापलेल्या तिकिटांना ते भाग्य लाभत नाही. आणि साध्या दहा रुपयांच्या गांधी तिकिटाच्याही नकला बाजारात फिरतात. ज्याने कधी तिकीट निरखलेच नाही, तो त्या ओळखणार कशा?

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. पत्रेच येत नाहीत. रजिस्टर टपालही १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले. मुलांनी तिकिटे आणायची कुठून?

माझे उत्तर असे: जुन्या ट्रंका उघडा, आणि संच स्वतः ठरवा. आपल्या नगरच्या किल्ल्यात १९४२ पासून काँग्रेसचे पुढारी कैदेत होते. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, कृपलानी, असफ अली, या सगळ्यांवर तिकिटे निघाली आहेत. 'नगरच्या किल्ल्यातले कैदी' असा संच एखाद्या मुलाने जमवला तर? कोणत्या तिकिटामागे कोण माणूस, हे त्याला वाचावेच लागेल. हा संच कोणत्याही दुकानात तयार मिळत नाही.

टपाल खात्याची २०१७ पासूनची सहावी ते नववीची स्पर्श शिष्यवृत्तीसुद्धा प्रश्नमंजूषा आणि प्रकल्प पाहून दिली जाते, मुलाकडे किती संच आहेत हे मोजून नव्हे.

तेव्हा नातेवाइकांना एक विनंती. नातवंडांच्या वाढदिवसाला सीलबंद संच आणू नका. जुनी पाकिटे आणा, एक भिंग आणा, आणि निम्म्या जागा रिकाम्या असलेला अल्बम द्या. उरलेल्या जागा ती भरतील. नाही भरल्या तरी बिघडत नाही. शोधताना जे हाती लागले ते त्यांचे झाले.