ट्रकचे नाक कोणी कापले?

ऑप्टिमस प्राइमला नाक कधी आले, असा प्रश्न आजच्या धाग्याच्या आरंभी विचारला तर तुम्ही हसाल. तरीही विचारते. १९८४ साली हॅस्ब्रोने बाजारात आणलेले त्याचे मूळ खेळणे आठवा: लाल रंगाचा, समोरून भिंतीसारखा सपाट ट्रक. २००७ च्या चित्रपटात तोच नायक पीटरबिल्ट ३७९ झाला. पुढे लांबलचक बॉनेट, दोन्ही बाजूंना उभी चकचकीत धुराडी. दिग्दर्शकाला अधिक थोराड यंत्रमानव हवा होता, हे कारण चाहत्यांना तोंडपाठ आहे आणि ते खोटेही नाही. परंतु त्यामागे आणखी एक कारण उभे आहे. १९८४ मध्ये सपाट तोंडाचा ट्रक हे अमेरिकन महामार्गावरचे नित्याचे दृश्य होते; २००७ पर्यंत तो तिथून जवळजवळ नाहीसा झाला होता. खेळण्याचा चेहरा बदलण्याआधी रस्त्याचा चेहरा बदलला होता.

ट्रकच्या आकाराकडे आपण शैली म्हणून पाहतो, फार तर अभियांत्रिकी म्हणून. माझे मत असे आहे की, हा आकार मुख्यतः कायद्याने घडवलेला असतो. हे मला कोणत्याही ग्रंथालयात उमगले नाही. वसतिगृहातल्या टेबलावर, बोटांना गोंद चिकटलेला असताना उमगले.

गेली तीन वर्षे मी ट्रकच्या प्रतिकृती जोडते आहे. अमेरिकन ट्रकांची प्लास्टिकची किटे बहुधा १/२५ या प्रमाणात असतात. इटालेरी ही इटालियन कंपनी युरोपीय ट्रक १/२४ मध्ये काढते. माझ्या टेबलावर सध्या एएमटी कंपनीच्या दोन प्रतिकृती आहेत. एक पीटरबिल्ट ३५९, लांब नाकाचा. दुसरा व्हाइट-फ्रेटलायनर, सपाट तोंडाचा. त्याला तिकडे कॅबओव्हर म्हणतात, कारण केबिन थेट इंजिनाच्या डोक्यावर बसवलेली असते. दोन्ही ट्रक साधारण एकाच काळातले, दोघांचेही काम तेच. मग एकाला नाक आणि दुसऱ्याला नाही, असे का?

उत्तरासाठी मी एक पोरकट वाटेल असा प्रयोग केला. तुम्हीही करून पाहा, किट नसले तरी चालेल, पट्टी आणि पुठ्ठा पुरे. १९८० च्या आधी ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण लांबी किती असावी, हे अमेरिकेतले प्रत्येक राज्य आपापले ठरवत असे. पूर्वेकडील अनेक राज्यांत ही मर्यादा ५५ फुटांची होती. १/२५ प्रमाणात ५५ फूट म्हणजे ६७ सेंटीमीटर. मी टेबलावर तेवढ्या अंतराने पेन्सिलीच्या दोन रेघा ओढल्या. पुठ्ठ्यातून ४५ फुटी ट्रेलर कापला. तो भरला ५५ सेंटीमीटर. त्याची शेपटी मागच्या रेघेला टेकवल्यावर पुढे उरले १२ सेंटीमीटर. आता लांब नाकाच्या ट्रकची पुढच्या बंपरपासून केबिनच्या पाठीपर्यंतची लांबीच १२० इंचांच्या आसपास, म्हणजे प्रतिकृतीत १२ सेंटीमीटर! ट्रेलरला वळायला मध्ये मोकळी जागा लागते, ती कुठून आणायची? नाक रेघेबाहेर गेले. झोपण्याची जागा नसलेली सपाट केबिन मात्र ५० इंचांच्या आसपास भरते. ती ठेवल्यावर सात सेंटीमीटर जागा मोकळी राहिली.

हे सात सेंटीमीटर म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे सहा फूट. प्रत्येक खेपेला सहा फूट जास्तीचा माल, वर्षानुवर्षे. आता मला सांगा, कोणता हिशेबी मालक नाकासाठी तेवढे भाडे सोडून देईल?

पश्चिमेकडची राज्ये लांबीच्या बाबतीत अधिक उदार होती, म्हणून तिकडे नाक तग धरून राहिले. सिएटलचे केनवर्थ आणि कॅलिफोर्नियाचे पीटरबिल्ट या दोघांची लांब बॉनेटे आज अमेरिकन ट्रकची ओळख समजली जातात. त्यात अभिरुचीइतकाच भूगोलाचाही वाटा आहे. स्टीव्हन स्पीलबर्गच्या १९७१ च्या ‘ड्युएल’ या चित्रपटातला तो भयंकर ट्रक पाहिला असेल तर आठवेल: तो १९५० च्या दशकातला जुना पीटरबिल्ट २८१ आहे. लांब बॉनेट, गोल दिवे आणि मधोमध दुभागलेली काच यांमुळे त्याला ‘चेहरा’ लाभतो, म्हणून दिग्दर्शकाने त्याची निवड केली. त्या काळच्या सपाट ट्रकांना तसा चेहराच नव्हता.

मग नाक परत कसे आले? या ठिकाणी कथा नाट्यमय असायला हवी होती, पण ती एका रटाळ अधिनियमात दडलेली आहे. ‘सरफेस ट्रान्सपोर्टेशन असिस्टन्स अॅक्ट, १९८२’. नाव १९८२ चे, पण रेगन यांची सही झाली ६ जानेवारी १९८३ रोजी (परीक्षेत हे विचारले जाणार नाही, तरी लक्षात ठेवा, कायद्याचे वर्ष आणि सहीचे वर्ष यांची गफलत आपल्याकडेही सर्रास होते). लोकांच्या ध्यानात हा कायदा राहिला तो इंधनावरचा कर गॅलनमागे पाच सेंटांनी वाढवल्याबद्दल. त्याच कायद्यात एक तरतूद होती: आंतरराज्य महामार्गांवर आणि ठरवून दिलेल्या इतर रस्त्यांवर राज्यांनी यापुढे ट्रक-ट्रेलरच्या एकूण लांबीवर मर्यादा घालू नये आणि निदान ४८ फुटी ट्रेलरला मज्जाव करू नये. मोजपट्टी ट्रेलरपुरती राहिली. पुढे जोडलेला ट्रक कितीही लांब असो, त्याचे माप घेणारे कोणी उरले नाही.

कायद्याने कोणालाही नाक लावायला सांगितले नव्हते. नाक असल्याचा दंड तेवढा रद्द केला. उरलेले काम चालकांनी केले. कॅबओव्हरमध्ये चालक पुढच्या आसाच्या जवळजवळ वर बसतो, म्हणून रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यात उतरतो. इंजिन बुडाखाली असल्याने उष्णता आणि आवाज यांचीही सोबत. दुरुस्तीला अख्खी केबिन पुढे कलवावी लागते, आणि तीत विसरलेला चहाचा कप, कागदपत्रे, बूट, सारे काचेवर येऊन आदळते. शिवाय समोरून टक्कर झाली तर आघात झेलायला पुढे काहीच नाही. नाकाचा हक्क मिळताच चालकांनी आणि त्यांच्या मागोमाग कंपन्यांनी सपाट केबिनकडे पाठ फिरवली.

कारण हेच आहे, याची उलटी खातरजमाही करता येते. युरोपीय संघाच्या १९९६ च्या निर्देशानुसार ट्रक आणि ट्रेलर मिळून लांबी १६.५ मीटर. मोजमाप एकूण लांबीचे, म्हणून तिथे ट्रक सपाटच राहिले; स्कॅनियाने आपली नाकवाली टी मालिका २००५ मध्ये बंद केली. पुढे नियम सैल करून केबिनला पुढच्या बाजूने थोडी गोलाई देण्याची मुभा मिळाली, आणि २०२१ मध्ये डाफ कंपनीचे नवे ट्रक लगोलग थोडे पुढे आले! ऑस्ट्रेलियात दोन ट्रेलर जोडलेल्या गाड्यांना एकूण लांबीची मर्यादा आहे. म्हणून जे केनवर्थ अमेरिकेत लांब नाकाने मिरवते, तेच मेलबर्नजवळच्या आपल्या कारखान्यात आजही सपाट तोंडाचे ट्रक बांधते. बोधचिन्ह तेच, चेहरा वेगळा.

इथवर कोणाला हरकत नसावी. वाद पुढे आहे.

लांब नाकाचा क्रोमने मढवलेला ट्रक हे स्वातंत्र्याचे प्रतीक आहे, असे आम्हा प्रतिकृतीकारांच्या वर्तुळात मानले जाते. महामार्गावरचा काउबॉय, स्वतःचा मालक, कोणाची ताबेदारी नाही. १९७० च्या दशकातल्या ‘स्मोकी अँड द बँडिट’ आणि ‘कॉन्व्हॉय’ या चित्रपटांनी ही प्रतिमा घडवली, आणि एएमटीची ही किटेही त्याच दशकातली. आता तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहा. १ जुलै १९८० रोजी कार्टर यांनी मोटर कॅरिअर कायद्यावर सही केली आणि १९३५ पासून चालत आलेले मालवाहतुकीच्या दरांवरचे व परवान्यांवरचे सरकारी नियंत्रण सैल केले. नव्या कंपन्या भराभर उतरल्या, भाडे कोसळले, आणि भाड्याबरोबर चालकांचे वेतनही. मायकेल बेल्झर या अर्थशास्त्रज्ञाने २००० साली या उद्योगावरच्या आपल्या पुस्तकाच्या नावातच ट्रकांना घाम गाळून घेणारे चाकांवरचे कारखाने म्हटले. म्हणजे ज्या काळात ट्रकला नाक परत मिळाले, नेमक्या त्याच काळात चालकाच्या हातातली मिळकत घटत गेली. स्वातंत्र्याची सगळ्यात देखणी प्रतिमा रस्त्यावर आली ती स्वातंत्र्य आक्रसत असताना. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. दोन्ही कायद्यांमागे बंधने काढली की बाजार आपोआप सर्वांचे भले करील, हीच धारणा होती. एका कायद्याने चालकाच्या पाठीला आराम दिला, दुसऱ्याने खिसा हलका केला.

म्हणून किटच्या खोक्यावरचे चित्र मला हल्ली अपुरे वाटते. आत क्रोमचे बंपर, क्रोमची धुराडी, क्रोमच्या टाक्या असतात, आणि बहुतेक किटांत चालकाची मूर्तीच नसते. आम्ही चाकांच्या नटांवर चार-चार तास घालवतो, सुकाणूमागची खुर्ची मात्र काळा रंग फासून मोकळी करतो. एका चर्चासत्रात मी या विषयावर टिपण वाचले तेव्हा एका ज्येष्ठ अभ्यासकांनी ‘खेळण्यांचा इतिहास वेगळा आणि श्रमांचा वेगळा’ असे सुनावले होते. मला ते पटलेले नाही. हे साचे त्या काळच्या ट्रकांवरून घडले. मूळ ट्रक बहुतांशी भंगारात गेले, प्लास्टिक उरले. मोजपट्टी घेऊन वाचले तर त्यात कायदा दिसतो, कायद्यामागचे भाडे दिसते आणि भाड्यामागचा माणूसही.

दिवाळीत दोन्ही प्रतिकृती खोक्यात घालून मी सांगलीला आजोळी नेल्या. माझे मामा वीसेक वर्षे टाटा १२१० चालवत, बहुधा सांगलीची हळद घेऊन मुंबईला. त्या ट्रकला धड नाकही नव्हते आणि धड सपाट तोंडही नव्हते. अर्धे इंजिन केबिनमध्येच शिरलेले, त्याचे झाकण चालकाच्या डाव्या हाताला. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते नुसतेच हसले. पीटरबिल्टकडे त्यांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले. फ्रेटलायनर मात्र उचलून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून केबिनच्या खिडकीतून आत डोकावले आणि विचारले, ‘‘अगं, इंजिन कुठाय याचं?’’

मी केबिन पुढे कलवून दाखवली.

‘‘बुडाखालीच?’’ ते म्हणाले. ‘‘म्हणजे यांचे दोन्ही पाय भाजत असतील. आमचा डावाच भाजायचा.’’