अंगण वाकडे

मराठी शिकवणाऱ्या माणसाला म्हणींची मोठी सोय असते. वर्गात एखादा विद्यार्थी अडखळला, घरात पोर रडकुंडीला आले, की विचार करण्याचे श्रम न घेता एक म्हण फेकावी आणि मोकळे व्हावे. माझी ठेवणीतली म्हण म्हणजे 'नाचता येईना, अंगण वाकडे.' ही म्हण मी आजवर इतक्या सढळ हाताने वाटली आहे, की तिच्यावर स्वामित्वधन मिळत असते तर हे सदर लिहिण्याची पाळी माझ्यावर आली नसती! गेल्या दिवाळीच्या तोंडावर मात्र ती माझ्यावरच उलटली. कशी, ते आज सांगायचे आहे. विषय सुताराच्या रंध्याचा आहे. पण ज्यांच्या घरी रंधा नाही त्यांनीही कृपा करून पान उलटू नये.

झाले ते असे. आमच्या घरी अभ्यंगस्नानाचा एक सागवानी पाट आहे. आईच्या माहेरून आलेला. वर्षानुवर्षे ऊन पाणी पिऊन तो खरबरीत झाला होता आणि एका कडेला त्याची कुसळे निघू लागली होती. "यंदा या पाटावर बसायचं तर घोंगडी घालून बसा," असे आईने जाहीर केले. आमची कन्या तेव्हा नववीत होती. शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या सुतारांकडे ती येता-जाता टक लावून पाहत उभी राहत असे. ती म्हणाली, "बाबा, मला एक रंधा आणून द्या. पाट मी गुळगुळीत करते."

मुलीने पुस्तक, कपडा किंवा मोबाईल न मागता रंधा मागावा, याचे मला कौतुक वाटले. मी पुण्याच्या बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने दोन लोखंडी रंधे माझ्यापुढे ठेवले. दोन्ही नऊ-नऊ इंचांचे, दोन्हींचा निळा रंग तुकतुकीत, दोन्हींना पुढे गोल मूठ आणि मागे वाकडा दांडा. जणू जुळे भाऊच! फरक एवढाच, की एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट होती. मी मनाशी म्हटले, शिकायला महागाचा कशाला? आधी हात बसू दे, मग पाहू. आणि स्वस्तातला रंधा घेऊन आलो.

वाचकहो, हा विचार तुम्हीही कधी ना कधी केला असेल. पोर पेटी शिकणार म्हटले की आपण भात्यातून वारा जाणारी पेटी आणतो, चित्रकला म्हटले की केस गळणारा कुंचला आणतो. सगळ्यांत वाईट हत्यार आपण नेमके शिकाऊ माणसाच्या हाती देतो. ज्याचा हात बसला आहे तो हत्याराची खोड सांभाळून घेईल. ज्याचा बसायचा आहे त्याने ती कशी ओळखावी?

कन्येने दोन दिवस खटपट केली. रंधा पाटावरून एकदा नुसताच घसरे, तर एकदा मध्येच दात रोवून थांबे. पात्यापाशी लाकडाचा चोथा अडके. तो काढण्यातच अर्धा वेळ जाई. शेवटी ती माझ्या खोलीत आली नि म्हणाली, "बाबा, रंधाच बरोबर नाहीये." मी पेपर तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडे!"

ती काही बोलली नाही. रंधा पुन्हा खोक्यात गेला. रात्री जेवताना आईने पाटाची चौकशी केली तेव्हा मात्र ती म्हणाली, "आजी, मला हातानं काही जमतच नाही गं." मी आमटी ओरपत होतो. त्या वाक्यात काय आहे, ते तेव्हा माझ्या कानापर्यंतसुद्धा पोचले नाही.

रविवारी मीच बाह्या सरसावल्या. बापाचा हात पोरीला दाखवावा, हा हेतू. दहा मिनिटांत पाटाच्या मधोमध रुपयाएवढा टवका उडाला. आईने येऊन पाहिले आणि ती एक अक्षरही न बोलता आत निघून गेली. ती बोलली असती तर बरे झाले असते.

मग शेजारच्या इमारतीतल्या मिस्त्रींना हात जोडून बोलावून आणले. साताऱ्याकडचे, साठीच्या घरातले गृहस्थ. मला वाटले, ते पाट पाहतील. त्यांनी पाटाकडे ओझरती नजर टाकली, तो उलटून खाली खिळे आहेत का ते पाहिले, आणि रंधा उचलला. तोही उलटा केला. खिशातली पोलादी पट्टी काढून तिची कड रंध्याच्या तळावर लांबीने उभी धरली आणि रंधा खिडकीकडे डोळ्यासमोर धरला.

"हे बघा सर, उजेड."

पट्टी पुढच्या आणि मागच्या टोकाला टेकली होती. मध्ये, जिथून पाते बाहेर डोकावते त्या तोंडापाशी, पट्टीखालून उजेडाची रेघ दिसत होती. मी म्हटले, "मिस्त्री, ही फट कागदाएवढी तर आहे!" ते हसले. "आणि तुम्ही जी साल काढणार ती केवढी असते? कागदापेक्षा पातळच ना?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तळ मध्ये खोल असला की रंधा दोन टोकांवर तरंगतो आणि पाते अधांतरी राहते. म्हणून आपण पाते आणखी बाहेर काढतो. मग ते एकदम लाकडात घुसते. शिवाय पात्याच्या पुढे लाकडाला दाबून धरायचे काम तोंडाच्या कडेचे असते. ती कडच लाकडाला टेकत नसेल, तर धागे कापले जाण्याआधीच उचकटतात, आणि टवका उडतो. पुढचे टोक, तोंडाची कड आणि मागचे टोक, ही तीन ठिकाणे एका रेषेत टेकली पाहिजेत. मधल्या जागी थोडेफार कमीजास्त चालते. मिस्त्रींनी पट्टी कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी धरूनही पाहिली. तळाला पीळ असेल तर तो तिथे कळतो. "पीळ असता तर म्हणालो असतो, परत करा. हा नुसता खोलगट आहे, घासून निघेल."

नंतर त्यांनी पाते बाहेर काढले. "नवा रंधा म्हणजे धार लावलेला रंधा नव्हे," हे त्यांचे पहिले वाक्य. कारखान्यात पात्याला नुसता उतार दिलेला असतो. धार घेणाऱ्याने लावायची. त्यांनी पात्याची सपाट पाठ निसण्यावर चार वेळा घासली आणि मला दाखवली. फक्त दोन कोपरे चमकत होते, मधला भाग काळाच. धार म्हणजे दोन पृष्ठभाग मिळतात ती रेघ. एक बाजू खडबडीत ठेवून दुसरी कितीही घासा, रेघ साफ येणार नाही. मग त्यांनी धारेजवळच्या कोपऱ्यावर हलकेच कानस फिरवली. ती खरडली न जाता निसटली. "पाणी बरं दिलंय. कानस लागली असती तर पातं मऊ. सकाळची धार दुपारी गेली असती."

पात्याच्या पाठीवर एक छोटी पोलादी टोपी स्क्रूने बसवलेली असते. ती धारेजवळ पात्याला अगदी चिकटून बसायला हवी. आमच्या रंध्यात दोहोंच्या मध्ये उजेड दिसत होता. साली तिथे शिरून चोथा होई, तो असा. पाते ज्या तिरक्या बैठकीवर टेकते तिथे निळ्या रंगाचा थेंब वाळला होता, आणि त्यामुळे पाते डुगडुगत होते. पाते पुढेमागे करण्याची पितळी चकती अर्धा फेरा नुसतीच फिरत होती. मला तो मोठा दोष वाटला. मिस्त्रींनी हात झटकला. "ती ढिलाई महागड्यातही असते. सवय होते." मुठीचा रंग, दांड्याची झिलई, यांकडे तर त्यांनी पाहिलेही नाही. मी दुकानात नेमके तेवढेच पाहिले होते.

एवढे झाल्यावर ते हळूच म्हणाले, "एक चूक तुमचीपण आहे, सर. तुम्ही लाकडाच्या उलट्या अंगानं मारलाय." मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवावा तसे धागे उभे राहतात म्हणे. म्हणजे म्हण अगदीच खोटी नव्हती. पण ती पोरीची नव्हे, माझी होती!

रंधा हे हत्यार फार जुने आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या उत्खननातही रंधे सापडले आहेत. आज दुकानात दिसणाऱ्या लोखंडी रंध्याचे रूप मात्र लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराचे. एकोणिसाव्या शतकात त्याने पाते पुढेमागे करण्याची युक्ती बसवली. १८६९ साली स्टॅन्ले कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि त्या घाटाचे रंधे जगभर गेले. त्यांचे एकाधिकार कधीच संपले. आज कोणीही तो घाट उचलावा. म्हणूनच स्वस्त आणि महाग रंधा जुळ्या भावांसारखे दिसतात. घाट फुकट मिळतो. पैसे पडतात ते तळ सपाट करण्याचे, बैठक नीट तासण्याचे आणि पात्याला बरोबर पाणी देण्याचे. स्वस्त रंधा विकणारा आपल्याला फसवतोच असे नाही. तो शेवटचे काम करीत नाही, ते आपल्यावर सोडतो. फक्त खोक्यावर तसे लिहीत नाही, इतकेच.

तेव्हा स्वस्त रंधा घ्यावा की नाही? मिस्त्रींचा हिशेब सरळ होता. दोष कोणता, यापेक्षा तो घरी निघेल का, हे पाहावे. धार नाही, टोपी नीट बसत नाही, बैठकीवर रंग सांडला आहे, तळ किंचित खोल आहे, हे सगळे निघते. तळाला पीळ आहे, बैठकच वाकडी तासली आहे, ओतकामात चीर आहे, असा रंधा फुकट मिळाला तरी घेऊ नये. पाते मऊ असेल तर दुसरे घालता येते. पण मग त्याची किंमत मिळवून पाहावी, म्हणजे स्वस्ताई कुठे गेली ते कळते. दुकानात जाताना खिशात पोलादी पट्टी असावी आणि दुकानदार वैतागला तरी रंधा उजेडाकडे धरायला लाजू नये.

लाकडी रंधा याहून स्वस्त पडतो आणि जुन्या बाजारात कधी उत्तमही मिळतो. मिस्त्रींचा स्वतःचा बाभळीचा होता, मुठीशी घामाने काळा झालेला. त्यात स्क्रू नाही, चकती नाही. पाचर ठोकून पाते बसवायचे आणि हातोडीच्या टिचक्यांनी पुढेमागे करायचे. तिथे लाकूड सुके आहे ना, भेग नाही ना, पाचर दोन्ही बाजूंना सारखी आवळते ना आणि तोंड झिजून रुंद झाले नाही ना, एवढे पाहायचे. पावसाळ्यात तो फुगतो. पण त्याचा तळ दुसऱ्या रंध्याने सपाट करता येतो. जुन्या पात्यांत तर लोखंडाला पोलादाची पट्टी जोडलेली असे. धार राहायची ती त्या पट्टीमुळे.

मिस्त्री गेल्यावर मी कन्येला हाक मारली. म्हटले, "अंगण खरंच वाकडं होतं गं. मी न बघताच बोललो." ती म्हणाली, "मी सांगितलं होतं." तीनच शब्द, पण माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाला जे वजन येत नाही ते त्यांना होते.

पुढचे तीन दिवस आमच्या दिवाणखान्याचा कारखाना झाला. टीपॉयची जाड काच जमिनीवर ठेवली, तिच्यावर ८० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवला. पाते आत ओढून पण आवळलेलेच ठेवायचे, कारण आवळल्यावर तळाला जो ताण येतो त्यासकट तो सपाट व्हायला हवा. तळावर पेन्सिलीने नागमोडी रेघा ओढायच्या आणि घासायचे. टोकांच्या रेघा लगेच पुसल्या. तोंडाजवळच्या काही केल्या जाईनात. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, फराळाचं राहिलंय, आणि तुम्ही लोखंड कसलं घासताय!" पण तिसऱ्या संध्याकाळी शेवटची रेघ गेली तेव्हा बघायला तीही उभी होती. टोपीची कड कन्येनेच घासली, बैठकीवरचा रंग तिनेच खरवडला. धार मात्र मिस्त्रींनी समोर बसवून तिच्याकडून लावून घेतली.

मग तिने पाट सुलट्या अंगाने घेतला. आधीची घरघर गेली होती. 'सर्र' असा एकच लांब आवाज आला आणि रंध्याच्या तोंडातून सालीचे एक वेटोळे वर आले, इतके पातळ की त्यातून खिडकी दिसावी. तिने ते आजीच्या हातावर ठेवले. आईने ते नाकाशी नेले आणि म्हणाली, "अजून सागाचा वास आहे बघ!"

मी उडवलेला टवका मात्र राहिला. तो घालवायचा तर पाट फार पातळ झाला असता. नरकचतुर्दशीला पहाटे मी पाटावर बसलो तेव्हा तो बोटाला लागत होता. कन्या उटणे घेऊन उभी होती. "बाबा, टोचतंय का?" तिने विचारले. म्हटले, "टोचू दे."

दिवाळीनंतर कॉलेज उघडले. पहिल्याच तासाला एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, या पुस्तकातून काही कळत नाही." म्हण जिभेच्या टोकावर आली होती. ती गिळली, आणि म्हटले, "आण बघू इकडे ते पुस्तक."