विलंबिताला कात्री नको

कुठलीही शास्त्रीय गायनाची मैफल घ्या. गायक बडा ख्याल सुरू करतो आणि विलंबित लयीत दहा मिनिटे झाली, की सभागृहात चुळबुळ सुरू होते. कुणी चहाला उठते, कुणाच्या चेहऱ्यावर मोबाइलचा उजेड पडतो. द्रुत बंदिश आली, ताना सुरू झाल्या, की हीच मंडळी सावरून बसतात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. पण त्याच सभागृहात काही जण केवळ त्या संथ अर्ध्या तासासाठी आलेले असतात. ते डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मात्रा मोजतात आणि समेवर मान डोलावतात. शेवटचा तराणा राहिला तरी त्यांची तक्रार नसते. विलंबित घाईत उरकले तर मात्र ते हळहळत घरी जातात.

या श्रोत्यांना ‘जुन्या वळणाचे’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण त्यांच्या या प्रेमामागे शरीराचे आणि मेंदूचे शास्त्र आहे. ते समजून घेतले, तर विलंबित कापताना नेमके काय कापले जाते हे लक्षात येईल.

छत्रपती संभाजीनगरकरांना यासाठी फार लांब जावे लागत नाही. शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवरचा दौलताबादचा किल्ला म्हणजे यादवांची देवगिरी. तेराव्या शतकात सिंघण राजाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. शार्ङ्गदेव राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी होता, वैद्यकाचा जाणकार होता आणि ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाचा कर्ताही. सात अध्यायांच्या या ग्रंथात स्वरांकडे वळण्यापूर्वी तो मानवी देहाचे वर्णन करतो. गर्भाची वाढ, अवयव, नाड्या असे सारे त्यात येते. गाणे देहातून निघते, तेव्हा आधी देह समजून घ्या, अशी ही वैद्याची दृष्टी.

तालाच्या अध्यायात त्याने लयीची व्याख्या केली आहे. टाळीसारखी एक क्रिया झाल्यावर पुढची क्रिया होईपर्यंतची विश्रांती म्हणजे लय. ही विश्रांती दुप्पट केली की द्रुत लयीची मध्य होते, आणि मध्य लयीची पुन्हा दुप्पट केली की विलंबित. म्हणजे आज ‘स्पीड’ म्हणून मोजली जाणारी गोष्ट या वैद्याने विश्रांतीच्या मापाने मोजली होती.

विसाव्या शतकात ख्यालगायकीने ही विश्रांती आणखी ताणली. किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ आणि त्यांच्या गायकीने प्रभावित झालेले अमीर खाँ यांनी अतिविलंबित लय रुजवली. एकतालाच्या बारा मात्रांचे एक आवर्तन या लयीत पुरे व्हायला पाऊण मिनिट ते मिनिटभर लागते. एका मात्रेपासून दुसरीपर्यंत चार-पाच सेकंद जातात.

इथेच मेंदूची अडचण सुरू होते. दोन ठोक्यांमधले अंतर साधारण दोन सेकंदांच्या पुढे गेले, की माणसाला ते ‘ठेका’ म्हणून जाणवणे अवघड होते. ठोके एकमेकांपासून सुटे वाटू लागतात आणि पाय आपोआप हलत नाही. विलंबित ऐकताना नवख्या श्रोत्याला कंटाळा येतो, तो या मर्यादेमुळे. त्यात त्याच्या अभिरुचीचा दोष नाही. जाणकार श्रोता ही मर्यादा तबल्याच्या आधाराने ओलांडतो. विलंबित एकतालात ‘धागे तिरकिट’ दोनदा येते. दुसऱ्यांदा आले की ‘धिं ना’ आणि लगेच सम, हे त्याला ठाऊक असते. लांबच्या प्रवासात ओळखीचे मैलाचे दगड दिसावेत, तसे हे बोल त्याला वाट दाखवतात.

वाट ठाऊक झाली की मुक्कामाची ओढ लागते. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये या ओढीचा माग काढला. ज्या संगीताने अंगावर रोमांच उभे राहतात असे संगीत लोकांना निवडायला सांगितले आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूची तपासणी केली. सुखाच्या भावनेशी जोडलेले डोपामिन हे रसायन उत्कट क्षणी मेंदूच्या एका भागात वाढले. पण त्या क्षणाच्या आधीच्या काही सेकंदांत, केवळ चाहुलीने, ते मेंदूच्या दुसऱ्या भागात वाढले होते. संगीताचे सुख दोन हप्त्यांत मिळते, एकदा वाट पाहताना आणि एकदा भेट झाल्यावर. विलंबित ख्यालात तर जवळजवळ सगळीच वाट पाहणे असते. गायक समेकडे येता येता वळतो, एखाद्या स्वरावर थांबतो आणि मग अलगद समेवर उतरतो. तोंडातून ‘वाहवा’ निघते ती त्या मिनिटभराच्या प्रतीक्षेमुळे. प्रतीक्षा कापली तर सम उरेल, पण ती समेसारखी वाटणार नाही.

दुसरा प्रयोग हृदयाचा आहे. इटलीतील पाव्हिया येथील लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४ जणांना सहा प्रकारचे संगीत ऐकवले. त्यांत निम्मे संगीत शिकलेले होते आणि निम्मे न शिकलेले. बेथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीचा संथ भाग आणि सतारीवरचा राग हे दोन्ही त्या यादीत होते. लय जलद झाली की श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढत होता. हा परिणाम संगीताच्या प्रकारापेक्षा लयीवर अधिक अवलंबून होता. पण संशोधकांनाही चकित करणारी गोष्ट वेगळीच निघाली. मध्येच ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत नाडी, रक्तदाब आणि श्वास प्रयोग सुरू होण्याआधीच्या पातळीच्याही खाली आले. शरीर सर्वांत सैल झाले ते संगीतामधल्या विरामात. लयीला विश्रांती म्हणणारा देवगिरीचा वैद्य इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

संथ संगीताला कात्री लावण्याची खोड केवळ आपली नाही. सर्गेई राखमानिनोव या रशियन संगीतकाराच्या दुसऱ्या सिम्फनीचे उदाहरण बोलके आहे. सिम्फनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, बहुधा चार भागांची रचना. राखमानिनोवची पहिली सिम्फनी १८९७ मध्ये साफ पडली. टीकेने तो इतका खचला, की सुमारे तीन वर्षे त्याच्या हातून फारसे काही लिहून झाले नाही. १९०० मध्ये निकोलाय दाल या डॉक्टरांनी संमोहन आणि संवादाच्या साहाय्याने त्याच्यावर उपचार केले. त्यातून सावरल्यावर लिहिलेली पियानोची रचना त्याने या डॉक्टरांनाच अर्पण केली. पुढे दुसरी सिम्फनी लिहून १९०८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ती स्वतःच्या संचालनाखाली सादर केली. तिचा तिसरा भाग संथ आहे. त्यात क्लॅरिनेट हे वाद्य एकट्याने एक लांबलचक सुरावट गाते आणि बाकीचा वाद्यवृंद तिच्याखाली मंद आधार धरून राहतो. आपल्याकडची आलापी ऐकलेल्या कानाला ती परकी वाटत नाही.

पण ही सिम्फनी पूर्ण वाजवली तर सुमारे तासभर चालते. म्हणून अनेक दशके ती कापून वाजवली गेली. कधी कधी निम्म्याच्या आसपास कापली गेली आणि खुद्द राखमानिनोवनेही अशा काटछाटीला मान्यता दिली होती. १९५४ च्या ‘ग्रोव्ह’ संगीतकोशाने तर या संगीतकाराची लोकप्रियता टिकणार नाही, असे भाकीत केले. १९७३ मध्ये आंद्रे प्रेव्हिन यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून तिचे संपूर्ण ध्वनिमुद्रण केले. आज ती बहुधा पूर्णच वाजते आणि श्रोत्यांना सर्वाधिक ओढ असते ती त्या संथ तिसऱ्या भागाची. जाणत्यांनी कमी लेखलेली ही रचना श्रोत्यांच्या प्रेमावर टिकली. त्यांना ती अखंड ऐकायला मिळाली, हे त्यामागचे मोठे कारण म्हणावे लागेल.

आपल्याकडे पहिली कात्री यंत्राने लावली. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत आणि मिरजेच्या अब्दुल करीम खाँसारख्या गवयालाही त्यातच राग उभा करावा लागे. पुढे लाँग प्ले तबकडी आली आणि अमीर खाँचा मारवा घरोघरी सावकाश उलगडू लागला. आज यंत्राची अडचण उरलेली नाही. तीन तासांची मैफल खिशातल्या फोनवर मावते. तरी ऐकले जाते ते तीस सेकंदांचे रील, आणि त्यात असते ती बहुधा तान.

सभागृहातली कात्री वेगळी आहे. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, मनोगत, आभार यांत तास जातो. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, बारापर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती असते. मग मधल्या वेळेचा हिशेब कुठे बसवायचा? भाषणे कापता येत नाहीत, टाळ्यांचे द्रुत कापवत नाही. कापले जाते विलंबित. नाथराव नेरळकरांसारख्या गुरूंनी ज्या शहरात पिढ्यांचे कान घडवले, तिथे तरी हा हिशेब उलटा व्हायला हवा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अमुक राग ऐका, रक्तदाब पळेल, तमुक राग ऐका, साखर उतरेल, असे संदेश मोबाइलवर फिरतात. वर सांगितलेले प्रयोग मोजक्या लोकांवरचे आणि काही मिनिटांचे आहेत. त्यांतून कोणत्याही रागाला औषधाचा दर्जा मिळत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती कमी व्हायला किंवा झोप सुधारायला संगीताची मदत होते, याला बऱ्यापैकी आधार आहे. पण रक्तदाबाची गोळी मारव्यासाठी बंद करणे धोक्याचे आहे. विलंबित ख्याल औषध म्हणून विकला गेला, तर गुण आला नाही की लोक तोही फेकून देतील. तो ऐकायचा तो आनंदासाठी. शरीराला त्या काळात मिळणारी विश्रांती ही वरकड कमाई.

मग करायचे काय? आयोजकांनी भाषणे मैफलीनंतर ठेवावीत किंवा दहा मिनिटांत आटोपावीत. ख्याल सुरू होण्यापूर्वी तबलावादकाला दोन मिनिटे द्यावीत. त्याने ठेक्याचे एक आवर्तन वाजवून दाखवावे, श्रोत्यांनी हातावर मोजावे, ‘तिरकिट’ कुठे येते ते ओळखावे. एवढ्या तयारीने नवख्या श्रोत्यालाही समेची चाहूल लागू शकते, आणि चाहूल लागली की कंटाळ्याची जागा उत्सुकता घेते.

घरच्या श्रोत्यासाठीही उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, एकच विलंबित ख्याल ऐकावा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच. परिचयाने आवड वाढते, हे मानसशास्त्राने १९६८ पासून पुन्हा पुन्हा दाखवले आहे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला समेवर मान आपोआप हलू लागली, की पुढचा ख्याल निवडावा. आणि गाणे संपल्यावर लगेच दुसरे लावू नये. दोन मिनिटे तसेच बसावे. पाव्हियाच्या त्या प्रयोगात सर्वाधिक विसावा याच दोन मिनिटांत मिळाला होता.