साध्या खोकल्याची कैफियत

गुरुपौर्णिमेस अक्कलकोटच्या वटवृक्ष मंदिराभोवती जो जनसमुदाय लोटतो, त्यात दुसऱ्याने दिलेले मूत्रपिंड देहात वागवणारा एखादा भाविकही असू शकतो. आणि ते मूत्रपिंड परके मानून शरीराने झिडकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारखी जी औषधे तो नित्य घेतो, त्यांनीच त्याची प्रतिकारशक्ती क्षीण होत असल्यामुळे शेजाऱ्याचे दोन दिवसांचे पडसे त्याच्या फुप्फुसांत न्यूमोनिया होऊन बसू शकते. या औषधांसोबतच्या स्टिरॉइडमुळे ताप दबून राहतो, ही त्यातली अधिक घातक गोष्ट. म्हणून ताप नसला तरी धाप लागताच सोलापूर गाठावे. सुमारे ४० किलोमीटरांचे अंतर उद्यावर टाकू नये. दुकानातून परस्पर औषध घेणे तर सर्वथा वर्ज्य : क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढून मूत्रपिंडासच इजा पोहोचू शकते, आणि क्षयावरील रिफॅम्पिसिनने ते इतके घटते की अवयव नाकारला जाण्याचे भय उत्पन्न होते. नित्याच्या गोळ्या मनाने थांबवण्याची मुभाही नाही. आरोग्य खात्याने तालुक्यातील अशा रुग्णांची नोंद ठेवून पावसाळ्यापूर्वी त्यांच्यासाठी व त्यांच्या घरच्यांसाठी इन्फ्लुएंझाच्या निर्जीव लशीची तजवीज करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.