थंड रक्ताचा प्राणी कोण?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी मेसच्या मागे "साप! साप!" असा ओरडा झाला आणि पाच मिनिटांत अख्खं हॉस्टेल खाली. कोणाकडे हॉकी स्टिक, कोणाकडे झाडूचा दांडा. वॉचमनकाका सांगत होते, "अरे पोरांनो, धामण आहे, जाऊ द्या तिला." पण ऐकतो कोण! दोन मिनिटांत खेळ खलास, मग फोटोसेशन.

मी काठी मारली नाही. पण ती गटारात शिरू नये म्हणून तोंडाशी ड्रॉइंग बोर्ड मीच धरला होता. शाळेत 'रॅट स्नेक बिनविषारी असतो' हे इंग्रजीत पाठ करून मी मार्क मिळवले होते. तोच रॅट स्नेक म्हणजे आपली धामण, हे कळलं दुसऱ्या दिवशी, लायब्ररीत!

तिथे वाचत बसलो आणि थक्क झालो. आपण मेकॅनिझम शिकतो ना? मग सापाचा जबडा बघा. खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे एकमेकांना पक्की जोडलेलीच नसतात, मध्ये ताणले जाणारे तंतू असतात. एक बाजू पुढे सरकते, भक्ष्य पकडते, मग दुसरी. म्हणून डोक्यापेक्षा मोठा उंदीर तो अख्खा गिळतो. माणसाच्या कण्यात ३३ मणके, सापाच्या कण्यात दोनशेपासून चारशेपर्यंत. सडपातळ शरीरात जागा कमी, म्हणून बहुतेक सापांचं डावं फुप्फुस अगदी लहान किंवा नाहीच, उजवं मात्र लांबलचक. जीभ वळवळते ती डंख मारायला नाही. हवेतले गंधकण ती टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत नेते. थोडक्यात, तो जिभेने वास घेतो.

आता 'धामण गाईचं दूध पिते' ही समजूत घ्या. चोखायला लागणारे ओठ तिला नाहीत आणि दात मागे वळलेले, अणकुचीदार. कुठली गाय हे सहन करेल?

आणि ते 'थंड रक्त'! त्याचा क्रूरपणाशी काडीचाही संबंध नाही. आपण जेवणाचा मोठा भाग शरीर ३७ अंशांवर ठेवण्यात जाळतो. साप ती ऊब बाहेरून, उन्हातून घेतो. म्हणून एका पोटभर जेवणावर तो कित्येक दिवस काढतो. इतका काटकसरी प्राणी उगाच आपल्यामागे धावून ताकद वाया घालवेल का? धामण आली ती आपल्यासाठी नाही, उंदरांसाठी. आणि उंदीर आले ते आपण मेसमागे टाकलेल्या खरकट्यासाठी. म्हणजे आमंत्रण आपलंच!

कोणी म्हणेल, "विषारी असता तर?" प्रश्न रास्त आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज सांगतो. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जासंस्थेवर घाव घालतं, श्वास बंद पाडतं. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं. म्हणून भीती वाटण्यात लाज नाही. पण काठी हा त्यावरचा उपाय नव्हे. डिवचलेला सापच चावण्याची शक्यता जास्त. चावलाच तर मांत्रिक नको, चिरा देणं नको, करकचून बांधणं नको. हातपाय न हलवता थेट हॉस्पिटल. प्रतिविष तिथेच मिळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. मेसचं खरकटं झाकलेल्या पिंपात जावं. गटारांना बारीक जाळी बसावी. सर्पमित्राचा नंबर नोटीस बोर्डावर लागावा. आणि साप दिसला की दहा पावलं मागे सरून त्याला वाट द्यावी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार धामण मारणं गुन्हा आहे, हेही वॉर्डन सरांनी एकदा सगळ्यांना सांगावं.

यात फार खर्च नाही. आता मेसमागे उंदीर वाढलेत, अशी तक्रार आपणच करतोय. त्या रविवारी थंड रक्ताचं नक्की कोण होतं, याचं उत्तर मला माझ्यापुरतं मिळालंय. पुढच्या वेळी माझा ड्रॉइंग बोर्ड तिच्या वाटेत नसेल. तुमची हॉकी स्टिक?