पितळी वाद्यांचे वकीलपत्र

आमच्या सुशिक्षित समाजात काही शब्द असे आहेत की, ते उच्चारताना बोलणाराच्या ओठांना आपोआप मुरड पडते. ‘बँडवाला’ हा त्यांपैकी एक होय. गवई म्हटले की आपण सावरून बसतो, सतारिये म्हटले की आदराने घराणे विचारतो; परंतु बँडवाला म्हटला की त्याला नाव असेल असेसुद्धा कोणाच्या मनात येत नाही. एखाद्याचा ‘बँड वाजला’ म्हणजे त्याची फजिती झाली, असा वाक्प्रचारच आपण रूढ करून टाकला आहे. ज्याच्या वादनावाचून आपल्या घरची वरात दारातून हलत नाही त्याच्याच कलेचे नाव आपण फजितीला द्यावे, ही विसंगती निदान वकिली डोळ्याला तरी खुपावी अशी आहे. म्हणून हे वकीलपत्र. अशिलाने ते दिलेले नाही. मी आपण होऊन घेतले आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. बँडविरुद्ध रसिक मंडळींचे तीन आक्षेप असतात. पहिला, ही वाद्ये परकी आहेत. दुसरा, त्यांवर वाजणारी गाणी म्हणजे सिनेमातील उथळ प्रेमगीते. आणि तिसरा, हे संगीत नसून गोंगाट आहे. तिन्ही आक्षेप क्रमाने तपासू.

घरचा दोष दुरून अधिक स्पष्ट दिसतो. म्हणून प्रथम थोडे दूर, मेक्सिकोत, जाऊ. त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर सिनालोआ नावाचा प्रांत आहे. एकोणिसाव्या शतकात लष्करी वाद्यवृंदांतून आणि मासात्लान बंदरात वसलेल्या जर्मन व्यापाऱ्यांकडून तेथील खेड्यांत पितळी वाद्ये पोचली, असे मानतात. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, खर्जाला प्रचंड ट्यूबा, आणि ह्या सर्वांना हाकणारा मोठा ढोल, ज्यावरून त्या वाद्यवृंदाला ‘तांबोरा’ हे नाव पडले. त्या प्रांतातील प्रतिष्ठितांनी ह्या वादकांना खेडवळ म्हणून आपल्या दिवाणखान्याबाहेर ठेवले. वादक बाहेरच राहिले, आणि बाहेर होते म्हणूनच सर्वांचे झाले. १९३८ साली एल रेकोदो ह्या लहानशा गावी क्रूस लिसारागा नावाच्या वादकाने आपला बँड उभा केला. क्लॅरिनेट विकत घेण्यासाठी त्याने घरचे डुक्कर विकले, अशी कथा सांगतात. तो बँड आज देशोदेशी जातो. होसे आल्फ्रेदो हिमेनेस ह्यांच्यासारख्या लोककवीने रचलेली विरहाची व प्रेमभंगाची गीते ह्याच पितळी घशांतून खेड्याखेड्यांत वाजत आली. १९९२ च्या अखेरीस तर लॉस एंजेलिसमधील एक स्पॅनिश नभोवाणी केंद्र असलेच संगीत लावून श्रोतृसंख्येत त्या शहरात पहिले आले. आज मेक्सिकोत कोणी सिनालोआच्या बँडला जर्मन म्हणून दाखवावे!

आता घरी येऊ. आमच्याकडेही ही वाद्ये पलटणींबरोबरच आली. इंग्रजी पलटणींची आणि संस्थानी दरबारांची वाद्ये निवृत्त वादकांबरोबर बाजारात उतरली; मेरठच्या जाली कोठीत ती घडूही लागली. पण परकेपणाचा आक्षेप घेणारांनी वडोदऱ्याकडे तरी पाहावे. सयाजीराव महाराजांच्या ह्याच नगरीत १८८६ साली मौलाबक्ष ह्यांच्या हातून गायनशाळा निघाली. येथेच १९१६ साली पंडित भातखंडे ह्यांच्या खटपटीने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. ज्या दरबारात फैयाज खाँ गात, त्याच दरबारात पाश्चात्त्य धर्तीचा बँडही वाजत असे. आणि फ्रेडिलिस नावाच्या बँडनायकाकडे संस्थानाच्या संगीतव्यवस्थेची सूत्रे काही काळ होती. महाराजांना एकाच्या सन्मानासाठी दुसऱ्याचा अवमान करण्याची गरज वाटली नाही. ती गरज आम्हांला मागाहून वाटू लागली.

ह्या नियतकालिकाच्या कोंकणी वाचकांना तर ह्या प्रकरणी साक्षीदार म्हणूनच बोलवावे लागेल. गोमंतकातील चर्चच्या पारोकियाल शाळांनी पिढ्यान्पिढ्या गरिबांच्या पोरांना स्वरलिपी शिकविली. फेस्ताच्या पहाटे अल्वोरादचा बँड वाड्यावाड्यांतून फिरतो तो त्याच शिक्षणाच्या बळावर. तेथून निघालेले वादक पलटणींत, संस्थानांत, आगबोटींवर आणि शेवटी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ, ज्यांच्यापुढे रविशंकर आणि अली अकबर ह्यांनी गुडघे टेकले, ते कलकत्त्यास लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरापाशी व्हायोलिन शिकले होते; आणि पुढे त्यांनी पोरक्या मुलांना घेऊन मैहरात जो वाद्यवृंद उभारला त्याचे नाव ‘मैहर बँड’ हेच ठेवले. बँड ह्या शब्दाची लाज बाबांना वाटली नाही. ज्यांना वाटते त्यांनी आपले सोवळे कोणत्या घराण्याचे आहे ते सांगावे.

परकेपणाच्या नावाखाली आम्ही एकदा हसे करून घेतलेच आहे. १९४० साली नभोवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती उठू लागण्यास १९७१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात कीर्तन, भजन, नाट्यगीत ह्यांपैकी काहीही पेटीवाचून अडल्याशिवाय राहिले नसते. आणि व्हायोलिन? त्याला कर्नाटक संगीताने पोटच्या पोरासारखे मांडीवर घेतले आहे. तेव्हा वाद्य कोठून आले हा प्रश्न गैरलागू आहे. ते कोणाच्या सुरात बोलू लागले हा खरा प्रश्न. आमचा क्लॅरिनेटवाला मींड काढतो, स्वर घसरवून आणतो, सनईची आठवण ठेवून फुंकतो. हे त्याला कोणत्याही पलटणीने शिकविलेले नाही.

दुसरा आक्षेप प्रेमगीतांचा. १९६६ सालच्या ‘सूरज’ चित्रपटातले प्रेयसीच्या आगमनाचे गीत आजही लग्नाच्या मांडवात ऐकू येते. त्याचे संगीतकार शंकर-जयकिशन. ह्यांतील जयकिशन गुजरातचे, आणि ह्या जोडीचे दीर्घकाळचे वाद्यवृंद-संयोजक सेबास्टियन डिसोझा गोमंतकीय. चाल शिवरंजनीच्या छायेतली. सांगा, ह्यात उथळ काय आहे? १९५१ सालच्या ‘अलबेला’त आमच्या सी. रामचंद्रांनी हळदोण्याच्या चिक चॉकलेट ह्यांच्या ट्रम्पेटला जी जागा दिली ती रसिकांच्या कानांतून अजून गेलेली नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांचे नाव त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी १९७७ साली एका गाण्यात घालून घरोघर पोचविले; पण ते एका थोर संगीतगुरूचे नाव आहे हे किती घरांना ठाऊक होते? गुजराती, मराठी आणि कोंकणी हातांनी मिळून घडविलेले हे गीतधन बँडवाला गल्लीत आणून वाजवितो. त्याच्यापाशी तिकीट नाही, दाराशी पहारेकरी नाही.

आणि प्रेमगीताचीच जर लाज वाटत असेल तर एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्या घरात मुलीने स्वतः वर निवडला की बापाचे डोके फिरते, त्याच घराच्या दारात बँड लावून प्रियकर-प्रेयसीची गाणी वाजविली जातात, आणि काका-मामा त्यांवर नाचतात. प्रेम आम्हांला क्लॅरिनेटवर चालते, घरात चालत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीस येणाऱ्या तरुण जोडप्यांच्या चेहऱ्यांवरचे भय ज्याने पाहिले आहे, त्याला ह्या नाचाचे नवल वाटल्यावाचून राहणार नाही. तेव्हा उथळ कोण, ते गाणे की त्यावर नाचणारे, ह्याचा निवाडा वाचकांनीच करावा. आमच्या मांडोने प्रेमाच्या हुरहुरीला दिवाणखान्यात प्रतिष्ठा दिली. बँडने तीच हुरहूर रस्त्यावर आणली. रस्त्यावर आली म्हणून ती हलकी ठरत नाही.

तिसरा आक्षेप गोंगाटाचा; तो कायद्याच्या कक्षेत येतो, म्हणून त्याला कायद्यानेच उत्तर देतो. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरली. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ शांततेची ठरली. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्या विषयावर जो विस्तृत निकाल दिला त्याच्या मुळाशी एका १३ वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराची घटना होती. तिचा टाहो शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या कर्कश संगीतात बुडून गेला होता. म्हणजे ज्या संतापातून हा सारा लढा उभा राहिला तो संताप ध्वनिक्षेपकाविरुद्ध होता. छातीतल्या वाऱ्यावर वाजणाऱ्या शिंगाविरुद्ध नव्हता. २०१० च्या दुरुस्तीने ध्वनी उत्पन्न करणारी इतर साधनेही नियमांत आली, आणि रात्री दहानंतर सर्वांनीच थांबावे हे योग्यच आहे. तेथे माझ्या अशिलांसाठी मी कोणतीही सवलत मागत नाही. परंतु दिवसाउजेडी फुंकलेला ट्रम्पेट आणि ट्रकवर रचलेल्या भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांचा मारा ह्यांना एकाच तागडीत तोलणे हा न्याय नव्हे. वादक दमतो, श्वास घेतो, गाण्यागाण्यांत विसावतो. यंत्र दमत नाही. मनुष्याची छाती हीच बँडच्या आवाजाची नैसर्गिक मर्यादा आहे.

मी राहतो ते बाजवा म्हणजे वडोदऱ्याहून अहमदाबादकडे निघालेल्या गाडीला लागणारे पहिलेच स्थानक. एका बाजूस खताचा कारखाना, दुसरीकडे कोयलीचे तेलशुद्धीकरण. पोटासाठी आलेली माणसे, त्यांत आम्ही मराठीही पुष्कळ. लग्नसराईत येथून वरघोडे निघतात. बँडमागून चालणाऱ्या लोकांना एकमेकांशी बोलता येते, म्हाताऱ्यांना ओट्यावर बसून गाणे ओळखता येते. डीजेचा ट्रक आला की खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि आजारी माणसाच्या घरचे लोक दार लावून घेतात. तरीही ‘बँड जुनाट, डीजे आधुनिक’ असे म्हणत सुपारी डीजेला दिली जाते; आणि नंतर तेच यजमान वर्तमानपत्रात गोंगाटाविरुद्ध पत्रे लिहितात. २०२० च्या साथीत वराती थांबल्या तेव्हा बँडवाल्यांचा हंगामच्या हंगाम बुडाला. त्यांच्या चुली कशा पेटल्या ह्याची चौकशी करण्यास ह्या रसिकांपैकी किती जण गेले?

तिन्ही आक्षेप पोकळ ठरले तरी तिरस्कार टिकतोच. कारण त्याचे मूळ निराळे आहे. तो नादाचा तिरस्कार नसून वादकाचा आहे. बँडमध्ये फुंकणारे बहुधा कोण असतात? जातीच्या उतरंडीत खालच्या पायरीवर बसविलेले आणि गरीब मुसलमान. त्यांना भरजरी गणवेश चढवायचा, पुढे चालवायचे, आणि जेवणाची पंगत मात्र मांडवामागे मांडायची, ही आमची रीत. आणि ज्याने दुसऱ्यासाठी वाजवायचे त्याने स्वतःच्या लग्नात मिरवू नये, इतपत आमची मजल जाते. मेहसाणा जिल्ह्यातील ल्होर गावी मे २०१९ मध्ये एका दलित वराने वाजतगाजत वरात काढली म्हणून त्याच्या समाजावर बहिष्कार पुकारण्यात आला. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अस्पृश्यतेपायी कोणाची सामाजिक मिरवणूक अडविणे हा गुन्हा मानतो. तेव्हा वाजंत्री ही केवळ हौस नसून रस्त्यावरील समान हक्काची खूण आहे. म्हणूनच ती काहींच्या कानांना टोचते.

मेक्सिकोतही असेच घडले. मार्च २०२४ मध्ये मासात्लानच्या हॉटेलवाल्यांनी समुद्रकिनाऱ्यावरील बँडविरुद्ध गोंगाटाची तक्रार केली आणि वादकांवर निर्बंध येऊ घातले. ज्या संगीताच्या नावावर ते गाव ओळखले जाते त्याच संगीताला किनाऱ्यावरून उठविण्याचा हा घाट होता. तेथील वादक वाद्ये घेऊन रस्त्यावर उतरले, वाजवीत चालले, पोलिसांशी झटापटही झाली. आमचे वादक असे उतरलेले मी पाहिले नाहीत. त्यांच्या वतीने आपणच बोलले पाहिजे.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. पहिली, परवाने देणाऱ्या अधिकाऱ्यांनी फुंकून वाजणारी वाद्ये आणि विजेवर गर्जणारी यंत्रे ह्यांत भेद करावा. दुसरी, १८८६ च्या गायनशाळेचा वारसा सयाजीराव विद्यापीठाच्या ज्या विद्याशाखेकडे आहे तिने ह्या वादकांसाठी दार उघडावे. मेक्सिकोच्या वाहाका प्रांतात मिहे लोकांच्या एका डोंगरी गावात फुंकवाद्ये शिकविणारे संगीतकेंद्र चालते. वडोदऱ्याला ते अशक्य नाही. तिसरी, सुपारी तोंडी न देता लेखी करार व्हावा, त्यात प्रत्येक वादकाचे नाव आणि मोबदला असावा, आणि लग्नपत्रिकेत जेथे केटररचे नाव छापतात तेथे बँडमास्तराचेही छापावे. पुण्यात विसर्जन मिरवणुकीत प्रभात किंवा दरबार बँडचे नाव लोक अभिमानाने घेतात. तो अभिमान गल्लीतल्या बँडलाही मिळावा.

माझ्या अशिलांनाही एक शब्द. गाडीवर ध्वनिक्षेपक लादून आपल्याच क्लॅरिनेटचा गळा दाबू नका. वाद्ये मिळवून घ्या, खर्ज सांभाळा, आणि प्रेमगीत वाजविताना घाई करू नका. ते ऐकणारांत ज्यांना प्रेम करण्याची परवानगी मिळाली नाही अशीही माणसे असतात.

एवढे झाले तरी रसिकांचे नाक मुरडणे लगेच थांबेल अशी आशा मी बाळगीत नाही. ती सवय जुनी आहे. परंतु पुढच्या वेळी आपल्या दारात बँड उभा राहील तेव्हा प्रत्येकाने निदान एवढे करावे: पुढे होऊन क्लॅरिनेटवाल्याला त्याचे नाव विचारावे, आणि त्याला मांडवात पंगतीला बसवावे. ज्याला हे जमणार नाही त्याने संस्कृतीवर व्याख्याने देण्याचे तरी सोडून द्यावे.