परीक्षकाचा कान कुणाचा?

यंदाच्या भीमजयंतीला अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत गीतगायन स्पर्धा झाली. मी बाहेर राज्यात पीएच.डी. करते, म्हणून मंडळाच्या पोरांनी मला परीक्षक केलं. हातात छापील कागद होता. सूर, ताल, उच्चार, सादरीकरण, प्रत्येकी दहा गुण. नववीतली एक मुलगी चवदार तळ्याच्या सत्याग्रहावरचं गाणं गायली. आवाज मोकळा, सूर पक्का, ढोलकीशी एकदाही चुकली नाही. मी तिला सुराचे नऊ दिले, तालाचे नऊ दिले आणि उच्चाराचे चार. कारण ती 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणाली आणि 'तळं' ऐवजी 'तयं'. दोन गुणांनी तिचा तिसरा नंबर हुकला.

रात्री सतरंज्या गोळा करताना मामांनी मला बाजूला घेतलं. मामांनी पंचवीस वर्षं गायन पार्टीत पेटी वाजवली आहे.

"त्या पोरीचं गानं तुले समजलं नाही काय?"

"समजलं ना."

"मंग मार्क काहून कापले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 20 मार्च 1927 ला महाडमध्ये बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ज्या पाण्याला हात लावला, त्या पाण्याच्या गाण्यात मी 'पानी' या शब्दाचे गुण कापले होते. माझी आजी शेवटपर्यंत 'पानी'च म्हणायची. बी.ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत मीही म्हणत होते. मग वर्गात दोनदा हसू झालं आणि मी सुधारले. म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं होतं.

आपल्यापैकी बहुतेकांना हा कान दोन ठिकाणी मिळाला आहे. एक कॉलेज, दुसरा टीव्ही. 'सा रे ग म प'चं मराठी लिटिल चॅम्प्स गाजत होतं तेव्हा मी बारा वर्षांची होते. आमच्या ओळीतल्या आठ घरांत मिळून दोन टीव्ही होते. परीक्षक गुण द्यायचे तेही सुरांत, 'ध', 'नी', 'वरचा सा'. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही एकमेकींना तसेच गुण द्यायचो. गाणं ऐकायला आम्हाला गायन पार्टीने शिकवलं होतं. गाण्याला मार्क द्यायला मात्र टीव्हीने शिकवलं.

इथे एक फरक नीट करायला हवा. बेसूर आणि सुरेल यांत फरक असतो, बेताल आणि तालात यांतही असतो. तो नाकारण्यात काही क्रांती नाही. आपल्या जलशांत आणि गायन पार्ट्यांतही बेसूर माणसाला मागे कोरसमध्ये बसवायचे. प्रश्न सूर-ताल संपल्यावर सुरू होतो. तिथून पुढचे शब्द पाहा. 'गाण्याला बैठक आहे', 'घरातले संस्कार दिसतात', 'आवाजात गोडवा आहे', 'उच्चार शुद्ध आहेत', 'आवाज जरा रॉ आहे', 'लोकगीताच्या बाजाचा आहे'. यातली एकही गोष्ट पेटीवर तपासता येत नाही. ती ओळखायला विशिष्ट घरात वाढलेला कान लागतो. आम्ही समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. पियरे बोर्द्यू यांनी हे फ्रान्सच्या वर्गव्यवस्थेबद्दल लिहिलं. आपल्याकडे त्या भांडवलाची वाटणी जातीने झाली आहे.

हा कान नैसर्गिकही नाही. त्याला इतिहास आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. संगीत वर्गात आलं, अभ्यासक्रम झाले, परीक्षा झाल्या, पुढे 'विशारद' ही पदवी स्पर्धकाच्या ओळखीत येऊ लागली. त्याआधी हे ज्ञान मोठ्या प्रमाणात मुसलमान उस्तादांकडे आणि कलावंतिणींकडे होतं. वर्ग उघडले तेव्हा संगीत 'प्रतिष्ठित' घरांतल्या मुलामुलींसाठी सोयीचं झालं. ज्यांनी ते सांभाळलं होतं, त्या बाया मात्र बदनामच राहिल्या. आज परीक्षक ज्याला 'संस्कार' म्हणतात, तो शब्द या अदलाबदलीनंतरचा आहे.

आता दोन आवाज आठवा. गंगूबाई हनगल. गळ्याच्या उपचारानंतर त्यांचा आवाज जड, जवळजवळ पुरुषी झाला. त्याच आवाजाने त्या किराणा घराण्याच्या थोर गायिका ठरल्या. 'मुलीच्या आवाजात गोडवा हवा' या रकान्यात त्यांना किती गुण पडले असते? दुसरे प्रल्हाद शिंदे. त्यांचं विठ्ठलाचं गाणं आषाढीला सवर्णांच्या घरातही लागतं आणि भीमगीत 14 एप्रिलला आपल्या वस्तीत. आवाज उघडा, चढ्या पट्टीचा, मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत जाणारा. ती त्या आवाजाची तयारीच होती, कारण त्याला वातानुकूलित स्टुडिओ नव्हे, उघडं मैदान भरायचं होतं. आजच्या ऑडिशनच्या खोलीत त्याला 'जरा कंट्रोल कर' असं सांगितलं गेलं असतं, असं मला वाटतं.

कुणी म्हणेल, आता तर खालच्या थरातली मुलं जिंकतात. हो, जिंकतात, आणि त्याचा आनंद आहे. 'इंडियन आयडल'चा अकरावा सीझन 2020 मध्ये बठिंड्याच्या सनी हिंदुस्तानीने जिंकला. रीतसर तालीम नाही, नुसरत फतेह अली खान ऐकून तयार झालेला गळा. पण त्याच्या गाण्याइतकंच त्याचं बूट पॉलिशचं काम आपल्याला पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. मी पाहिलेल्या भागांत काम दिसलं, गरिबी दिसली, आईचे अश्रू दिसले. हे काम कुणाच्या वाट्याला येतं आणि का, हे कुणी विचारलं नाही. एका मुलाच्या 'हरकती'वर बोलायचं आणि दुसऱ्याच्या 'संघर्षा'वर रडायचं, हे दोन वेगळे रकाने आहेत. पहिल्यात मुलगा कलावंत ठरतो, दुसऱ्यात दयेला पात्र. तान त्यानेही घेतलेली असते.

परीक्षकांचं कौतुक तरी खरं असतं का? 2021 मध्ये किशोरकुमारांवरच्या विशेष भागात पाहुणे म्हणून आलेल्या अमित कुमारांनी नंतर सांगितलं की, सगळ्यांची स्तुती करा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. म्हणजे शाबासकीही कार्यक्रमाच्या गरजेनुसार वाटली जाते.

मग लोकांच्या मतांवर सोडावं? 2007 मध्ये दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगला डोंगरातल्या लोकांनी भरभरून मतं दिली आणि तो जिंकला. लगेच दिल्लीच्या एका रेडिओ निवेदकाने नेपाळी माणूस म्हणजे चौकीदार, अशा अर्थाची टिंगल केली आणि त्यावरून सिलिगुडीत हिंसाचार झाला. मुकुट मिळाला तरी लेबल निघालं नाही. मग परीक्षकांना पाठमोरं बसवावं? 'द व्हॉइस'मध्ये तसंच करतात. चेहरा, कपडे, आडनाव काही दिसत नाही. पण 'पानी' ऐकू येतं. माझ्या मामेगावच्या पोरीला माझी पाठ उपयोगी पडली नसती.

हे सगळं मी गाण्यापुरतं लिहीत नाही. आपण ज्या खोल्यांत बसतो, त्या खोल्यांतही असेच कागद असतात. जेएनयूमध्ये एम.फिल., पीएच.डी. प्रवेशात तोंडी परीक्षेला 30 गुण होते. अब्दुल नाफे समितीने 2016 मध्ये आकडेवारी तपासली. लेखी परीक्षेच्या तुलनेत तोंडी परीक्षेत वंचित समूहांतल्या विद्यार्थ्यांशी सातत्याने भेदभाव होताना दिसला. समितीने तोंडीचे गुण कमी करण्याची शिफारस केली. लेखी पेपरात आपला आवाज ऐकू येत नाही, तोंडीत येतो. प्राध्यापकांच्या मुलाखतीत राखीव जागांवर 'नॉट फाउंड सूटेबल' असा शिक्का पडतो, त्यामागेही कुणाचा तरी कान असतो. आणि त्या खोलीत आपल्यालाही कळून चुकतं की विषयापेक्षा संघर्षाची गोष्ट सांगितली तर समोरचे मऊ होतात. मीही एकदा शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत ती सांगितली आहे. शिष्यवृत्ती मिळाली. माझ्या संशोधनावर मात्र कुणी एक प्रश्न विचारला नाही.

पहिल्या पिढीचे पदवीधर म्हणून आपण आजवर समोरच्या खुर्चीवर बसलो. आता हळूहळू पलीकडच्या खुर्चीवर बसतोय, शाळेत, बँकेत, निवड समितीत, जयंतीच्या मंचावर. तिथे उसना कान घेऊन बसलो तर खुर्ची बदलल्याचा उपयोग नाही. म्हणून गुणांचा कागद हातात आला की आधी तो वाचा. कुठला रकाना मोजता येतो, कुठला नुसता सवयीचा आहे, हे विचारा. ज्या रकान्याचा अर्थ स्पर्धकाला आधी सांगता येत नाही, तो काढून टाकायला सांगा. आणि गुण कापताना कारण लिहा. मला कारण लिहावं लागलं असतं, तर 'पानी म्हणाली' हे लिहिताना माझा हात थांबला असता.

मी मंडळाला पत्र लिहिलं आहे. पुढच्या वर्षीच्या कागदावर 'उच्चार' नसेल, 'शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचले का' असं असेल. त्या मुलीच्या घरी जाऊन मी चूक कबूल केली. ती म्हणाली, "ताई, मले वाटलं माह्या सूर हालला." वर्षभर ती आपला सूर सुधारत बसली असती, जो मुळात चुकलाच नव्हता.